कोमट ठेवलेलं खातं

बायको जाऊन वर्ष व्हायला आलं, तरी भट्टीकाका रोज सकाळी तिला फोनवरून 'उठलीस का?' म्हणून विचारायचे, आणि तिचं रोज उत्तर यायचं, 'कधीचीच. तुम्हीच लोळत पडलाय.'

घाबरू नका, भुताखेताची गोष्ट नाही ही. प्रश्नही काकांचा आणि उत्तरही काकांचंच. स्वयंपाकघरातल्या टेबलावर चहाचा कप ठेवायचा. कपाच्या एका बाजूला स्वतःचा फोन, दुसऱ्या बाजूला तिचा. आधी आपल्या फोनवरून लिहायचं. मग तिचा फोन उचलायचा, तिने शिकवलेली खूण काचेवर बोटाने काढायची, आलेला निरोप वाचायचा, आणि ती काय म्हणाली असती याचा विचार करून तिच्या वतीने उत्तर टाकायचं. आपला फोन टिंग करून वाजला की चष्मा नीट करून बघायचं, कोणाचं आलंय बुवा! सत्तरी ओलांडलेल्या शहाण्या माणसाने करायचं काम आहे का हे? नाहीच. म्हणून तर ते कोणाला सांगत नव्हते.

बरं, उत्तरंही नुसती गोडगोड नसायची. बायको आयुष्यभर फटकळ, मग मेल्यावर एकदम मवाळ कशी होईल? 'काल भाजीत मीठ विसरलात,' असं ती लिहायची. 'औषध घेतलंत का?' असंही लिहायची. एकदा तर हे स्वतःच्याच बोटांनी लिहून काका खरंच उठले आणि गोळी घेऊन आले. घ्यायची राहिलीच होती.

हे खूळ डोक्यात कुठून आलं ते कळायला काकांचं काम कळायला हवं. एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात त्यांनी सारी नोकरी बॉयलरपुढे काढली. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले, सगळं धुवायला आणि कडक इस्त्री करायला वाफ लागायची, आणि ती वाफ काका पुरवायचे. म्हणून भट्टीकाका. खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं होतं. या कामाचा पहिला धडा म्हणजे बॉयलर थंड पडू द्यायचा नाही. सुट्टी असो, धुलाईघराला कुलूप असो, कोणीतरी येऊन आत मंद आग ठेवायचीच. एकदा गार पडला की लोखंड आखडतं, सांधे गळतात, आणि पुन्हा वाफ धरायला जीव नकोसा होतो. काका याला 'कोमट ठेवणं' म्हणायचे. सुट्टीच्या दिवशी लोक बायकामुलांना घेऊन फिरायला जायचे आणि हे आपले भट्टीत दोन फावडी कोळसा टाकायला.

मग बायको गेल्यावर तिच्या फोनचं दुसरं काय करणार होते? कोमट ठेवला. चार्जरची पिन लावली ती काढलीच नाही. जित्याची खोड, दुसरं काय!

बायको त्याच रुग्णालयात टेलिफोन ऑपरेटर होती. दिवसभर कानाला फोन आणि तोंडात एकच वाक्य, 'जोडून देते, लाइन सोडू नका.' सगळे तिला ऑपरेटरबाई म्हणायचे, काका नुसतं ऑपरेटर. ओळख झाली तीही फोनवरच. बॉयलरच्या धडधडीत काकांचे कान तरुणपणीच कामातून गेलेले. भट्टीच्या खोलीतला फोन वाजून वाजून बंद पडायचा, लोक चारदोन घंट्यांनी कंटाळून ठेवून द्यायचे आणि वर 'भट्टीवाला झोपा काढतो' अशी बोंब ठोकायचे. ही एकटीच काय ती सोडायची नाही. वाजू द्यायची, वाजू द्यायची. काकांनी उचलला की म्हणायची, 'आलात? या.' एवढ्यावरच काका घायाळ झाले.

तिचं दुखणं लांबलं तेव्हा तिने अंथरुणात बसून सगळी आवराआवर केली. वीजबिल काकांच्या नावावर केलं, नको ती खाती बंद केली, नातेवाइकांचे फोटो वेगवेगळे लावून ठेवले. एकच मोठं खातं तिने उघडं ठेवलं होतं. तिचं टपाल, फोटो, लेकीशी आणि नवऱ्याशी चालणाऱ्या गप्पा, सगळं त्यातच होतं. 'अहो, इकडे या,' ती एके दिवशी म्हणाली. 'मी गेल्यावर या खात्याचं काय करायचं ते मी ठरवून टाकलंय. पासवर्डही सांगते. ऐकताय का?'

'मला ऐकू येत नाही,' काका म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले.

चहाची वेळ नव्हती. ऐकूही चांगलं आलं होतं. पण बायको स्वतःच्या मरणाची व्यवस्था सांगतेय आणि आपण मान डोलावत ऐकतोय, हे त्यांच्याच्याने होईना. माणूस भित्रा नव्हता हो, उकळत्या वाफेपुढे जन्म काढलेला माणूस. पण त्या दिवशी तो गॅसपुढे उभा राहून रिकाम्या पातेल्याकडे बघत होता आणि बाहेरून ती हाका मारत होती. दोनदा हाक मारली, मग तीही गप्प झाली.

त्यांना एकच मुलगी. ती परदेशात, नोकरीत गळ्यापर्यंत बुडालेली. आईने फोनवर तिला म्हटलं होतं, 'ये आता.' लेक म्हणाली, 'एवढं काम संपवते आणि पुढच्या आठवड्यात निघते.' यावर दोघींची चांगलीच खडाजंगी झाली. दोघींच्या जिभा सारख्याच, आई तशी लेक. आणि पुढचा आठवडा उजाडायच्या आत आई गेली. लेक आली तेव्हा घरात फक्त काका होते आणि घडी घालून ठेवलेलं अंथरूण.

परत गेल्यावर तीनचार महिन्यांनी तिने फोनवर विचारलं होतं, 'बाबा, आईकडून काही आलं नाही हो मला.'

'आईकडून? आता काय यायचंय?'

'ती म्हणाली होती, खात्यात तुझं नाव घातलंय. मी गेले की तुला आपोआप सगळं मिळेल, तुला सांगायचंय तेही त्यात लिहिलंय. काहीच आलं नाही. भांडणानंतर तिने माझं नाव काढून टाकलं असणार.'

'काढून कशाला टाकेल?' काका म्हणाले. पण कशातून नाव काढायचं आणि कशात घालायचं, याचा त्यांना गंधही नव्हता. लेक म्हणाली, 'रागातच गेली ना शेवटी.'

त्यात एक दिवस हात दाखवून अवलक्षण झालं. सकाळी बायकोच्या फोनवर उत्तर लिहिता लिहिता काकांचा जाडा अंगठा भलतीकडेच पडला. लेकीने टाकलेल्या एका फोटोवर आईच्या नावाने लाल बदाम उमटला. दहा मिनिटांत काकांचा फोन खणखणला. पहिल्या खेपेला त्यांनी ऐकलाच नाही, तिसऱ्या खेपेला उचलला. लेक रडत होती आणि ओरडतही होती.

'बाबा, ऑफिसात चारचौघांत बसले होते मी! फोनवर आलं, आईला तुमचा फोटो आवडला! जिन्यात जाऊन बसले मी. ती गेलीय, बाबा! का खेळताय तिच्या फोनशी?'

'खेळत नाही गं,' काका म्हणाले. 'नुसता चालू ठेवलाय.'

यावर तिने फोन ठेवला. त्यानंतर तिचे फोन महिना-दोन महिन्यांनी यायला लागले, तेही बँकेतून आल्यासारखे. तब्येत कशी, औषधं आहेत ना, बरं ठेवते. काका समजायचे ते समजले. लेकीच्या फोटोंकडे त्यांनी पुन्हा तिच्या आईच्या फोनवरून पाहिलं नाही, पण सकाळचं उठलीस-का मात्र सोडलं नाही. गुपचूप चालू ठेवलं. लेकीला आपण ताकास तूर लागू देत नाही, अशी त्यांची समजूत होती.

आणि एक दिवस फोनचं पोट फुगलं. मागचं झाकण उचकटून वर आलं आणि काच एका बाजूने उचलली गेली. फोन रुमालात गुंडाळून ते जिना उतरले आणि चौकापलीकडच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकान कसलं, जिन्याखालची खोबण. तिथे एक बाई कपाळावर भिंग चढवून बसायची. तिला सगळे मोबाइलवाली म्हणायचे. तिने रुमाल सोडला आणि डोळे मोठे केले.

'काका, हा फोन आहे की उशी? चार्जिंगला किती वेळ ठेवता?'

'काढतच नाही.'

'का?'

'विझू नये म्हणून.'

'फटाका फुटला असता घरात! नशीब समजा.' तिने फुगलेली बॅटरी अलगद सोडवून वाळूच्या डब्यात टाकली, नवी बसवली, फोन चालू केला आणि काकांपुढे धरला. काकांनी बोटाने खूण काढली. फोन उघडल्याबरोबर त्यांचा जीव भांड्यात पडला. मोबाइलवाली मात्र काचेकडे बघत राहिली.

'हे काय वर आलंय, बघितलंत का?'

'जाहिरात आहे ती. अधूनमधून येते. मी वाचत नाही.'

'जाहिरात कसली, काका? खात्याच्या कंपनीचं पत्र आहे. आठवण करून देतायत.' तिने भिंग खाली ओढलं आणि सावकाश वाचलं. 'तुम्ही ठरवल्याप्रमाणे, हे खातं सलग तीन महिने कोणी उघडलं नाही, तर आम्ही पुढील व्यक्तीला कळवू, तुमचा निरोप आणि सर्व फोटो तिच्या हवाली करू, आणि नंतर खातं बंद करू. खाली एक नाव आहे. मुलगी का तुमची?'

काकांनी मान हलवली.

'मग काकूंनी व्यवस्था करून ठेवलीय. आपण गेल्यावर सगळं मुलीला मिळावं म्हणून. कधी गेल्या काकू?'

'वर्ष होईल आता.'

'वर्ष? मग मुलीला कधीच मिळायला हवं होतं!' मोबाइलवाली बुचकळ्यात पडली. मग तिने काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिचा आवाज खाली आला. 'हे खातं उघडतं कोण, काका?'

'मी. रोज सकाळी.'

'रोज उघडलंत तर मोजणी रोज पहिल्यापासून सुरू होणार. बोट कोणाचं आहे ते कंपनीला काय माहीत? तिच्या लेखी काकू ठणठणीत आहेत.'

काकांना कोणी तोंडात मारल्यासारखं झालं. म्हणजे ऑपरेटरबाईने सगळं नीट जोडून ठेवलं होतं आणि वर्षभर मध्ये लाइन अडवून बसले होते ते स्वतः! लेक तिकडे 'आई रागात गेली' म्हणून झुरतेय, आणि हा बाप इकडे रोज चहा पिता पिता तिच्या आईचं बोलणं तिच्यापर्यंत पोचू देत नाहीये.

'तो निरोप आत्ता काढून देता येईल?' त्यांनी विचारलं. 'मी पाठवतो ना तिला.'

मोबाइलवालीने दोनचार ठिकाणी दाबून पाहिलं. 'पासवर्ड मागतंय.'

'ती खूण...'

'खुणेने फोन उघडतो. हा वेगळा. काकूंनी कधी सांगितला नव्हता?'

काकांना एकदम ते रिकामं पातेलं आठवलं. 'सांगत होती,' ते म्हणाले. 'मी आत गेलो.'

भिंग पुन्हा कपाळावर चढवून मोबाइलवालीने झाकण बसवलं, फोन स्वच्छ पुसला. 'मग एकच करा. याला हात लावू नका. पण काका, एक लक्षात घ्या. निरोप गेला की खातं बंद होणार. तुमच्या दोघांच्या गप्पा, त्यांचा फोटो, काहीच राहणार नाही तिथे.'

आता सांगा, माणसाने काय करावं? सोपं आहे म्हणाल. लेकीचं भलं होतंय, फोन बंद करून टाका. बोलायला कोणाचं काय जातं! त्या घरात सकाळपासून झोपेपर्यंत काकांशी बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जायचा. शेजारी कुलूप लावून कामाला जायचे. दिवसभरात टिंग वाजायचा तो तेवढाच, आणि तोही स्वतःच वाजवलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ठरवलं, आज नको, उद्यापासून. 'उठलीस का?' लिहिलं, तिच्या फोनवरून उत्तर टाकलं. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. लेकीला फोन करून सांगून टाकावं असं मनात यायचं, हात फोनकडे जायचा, आणि 'का खेळताय तिच्या फोनशी?' हे कानात घुमायचं. अजूनही उघडतो म्हटल्यावर पोरगी उरलासुरला फोनही करायची नाही. काका मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालायचे, 'पोटच्या पोरीच्या ताटातलं ओढतोस, लाज नाही वाटत?' आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तिच्या फोनवर खूण काढायचे.

मग एक दिवस त्यांनी बसल्याबसल्या मागच्या गप्पा वर सरकवत नेल्या. बऱ्याच वर, ती खरंच लिहायची तिथपर्यंत. 'येताना लिंबं आणा, मागच्यासारखी सुरकुतलेली नकोत, ती काय आपलं तोंड बघून घेतलीत का?' असं तिने लिहिलं होतं. एकदा डॉक्टरांकडे रांगेत बसून लिहिलं होतं, 'समोरच्या बाईचा नवरा तुमच्यासारखाच बहिरा आहे, पण निदान हसतो तरी.' काका एकटेच मोठ्याने हसले. मग खाली आले, आपण लिहिलेल्या उत्तरांकडे. सुरुवातीची तरी जरा तिखट होती. पुढे पुढे 'हो', 'बरं', 'हं'. मागच्या आठवडाभरात तर तिने रोज नुसतं 'हं' म्हटलं होतं.

आयुष्यात ती बाई कधी नुसतं 'हं' म्हणाली नव्हती. 'हं' म्हणायचे ते काका. बायको हळूहळू काकांसारखी बोलायला लागली होती, कारण तिच्याकडचं संपलं होतं आणि काकांकडे होतं तेवढंच उरलं होतं. हे दिसल्यावर काका टेबलावर डोकं ठेवून रडले. ती गेली तेव्हाही इतके रडले नव्हते. भट्टी कधीचीच विझली होती, आणि ते उगाच राखेत फावडं घालत बसले होते.

बॉयलर बंद करायचीही एक रीत असते. वर्षातून एकदा तपासणीसाठी तो विझवावा लागायचा. तेव्हा घाई करायची नाही. आग कमी कमी करत न्यायची, वाफेचा काटा आपल्या आपण खाली येऊ द्यायचा, आणि तोवर तिथून हलायचं नाही. काकांनी त्या सकाळी तसंच केलं. चहा केला. तिचा फोन उघडला, तिचा फोटो पाहिला, लिंबांचं पुन्हा एकदा वाचलं. मग चार्जरची पिन काढली, बाजूचं बटण दाबून धरलं आणि काच काळी होईपर्यंत धरूनच ठेवलं. फोन थोडा वेळ हातात गरम लागत होता. तो गार होईपर्यंत ते बसून राहिले.

मग स्वतःच्या फोनवर त्यांनी लिहिलं, 'ऑपरेटर, मी लाइन सोडतोय. पोरीला तुझ्याशी बोलायचंय.' पाठवलं. एक बारीक खूण उमटली. दुसरी, पोचल्याची, उमटली नाही. काकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, तरी नाही.

त्या दिवशी घर अंगावर आलं म्हणजे काय ते त्यांना कळलं. नळ वाहता ठेवून पाहिला, रेडिओ लावून पाहिला. बाजारात जाऊन लिंबं आणली, एकेक निरखून घेतली. घरी आल्यावर दाखवणार कोणाला?

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप टेबलावर ठेवला आणि हात सवयीने दुसऱ्या फोनकडे गेला. मागे घेतला. चहा निवला तरी ते तसेच बसून होते. टेबल थरथरतंय असं वाटलं म्हणून त्यांनी खाली पाहिलं, तर त्यांचा स्वतःचा फोन वाजत होता. कधीपासून वाजत होता कोण जाणे.

'बाबा!' लेक जवळजवळ किंचाळली. 'किती वेळ वाजवतेय! बरे आहात ना? पडलाबिडलात का?'

'नाही गं. बसलोय. काय झालं?'

'आईचा ठिपका लागला नाही. किती वेळ बघत बसलेय, आज लागलाच नाही!'

'कसला ठिपका?'

'आईचं खातं उघडलं की तिच्या नावापुढे हिरवा ठिपका लागतो, बाबा. मला इथे दिसतो.'

काकांना वाटलं जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. 'तुला... रोज दिसायचा?'

'रोज. माझ्याकडे तेव्हा संध्याकाळ असते. कामावरून निघताना बघते.' लेक म्हणाली. 'आधी फार राग यायचा. मग वाट बघायला लागले. तो लागला की कळायचं, बाबा उठले, चहा घेतायत.'

'म्हणून तू फोन करत नव्हतीस?'

'कळलेलं असायचं ना,' ती म्हणाली. 'आणि फोन केला की तुम्ही काही बोलत नाही. मग आईचं निघतं, मग मला रडू येतं. त्यापेक्षा ठिपका बरा.'

वाहवा रे वा! बाप इकडे एकटा, लेक तिकडे एकटी, आणि दोघांच्या मध्ये मेलेल्या बाईचा हिरवा ठिपका. यावर हसावं की रडावं?

मग काकांनी सगळं सांगून टाकलं. फुगलेली बॅटरी, ते पत्र, रोजची मोजणी, रिकामं पातेलं, काही ठेवलं नाही. म्हणाले, 'तुझं नाव आहे गं त्यात. मी स्वतः ऐकलंय. तिने काढलं नव्हतं. मीच पोचू दिलं नाही. आता काय बोलायचं ते बोल मला.'

पलीकडून नुसतं रडणं ऐकू येत होतं, आणि काकांनी फोन दुसऱ्या, जरा बऱ्या कानाला लावला, म्हणजे नीट ऐकू यावं.

'नाव आहे?' तिने विचारलं.

'आहे.'

'बरं,' ती म्हणाली. मग म्हणाली, 'आता तुम्ही उठलात ते मला कसं कळणार?'

'वाजव की फोन.'

'उचलत नाही तुम्ही.'

'वेळ लागतो,' काका म्हणाले. 'उचलतो.'

पुढचे महिने कसे गेले? गेले. लेक फोन करायची, रोज नाही, पण करायची. कधी दोन वाक्यं, कधी नुसतं 'उठलात? बरं.' काही दिवस अजिबात नाही. त्या दिवशी काका चहा घेऊन बसायचे आणि टेबलाला हात लावून बघायचे, थरथरतंय का म्हणून. बायकोचा फोन चमच्यांच्या खणात होता. चमचा काढताना हाताला लागायचा, गारढोण. एकदा चुकून उचललाही होता. बटणावर अंगठा गेला होता, तो त्यांनी दुसऱ्या हाताने बाजूला केला.

आणि एका सकाळी टेबल थरथरलं.

'बाबा, आलंय,' लेक म्हणाली. 'फोटो आलेत. खूप आहेत, माझे लहानपणचे सगळे. आणि लिहिलंय.'

'वाच तू. तुझं आहे ते.'

'वाचलं मी. तुमचंही आहे. ऐकू येतंय ना?'

काका उठून आत जाऊ शकले असते. बसून राहिले. 'येतंय,' म्हणाले.

लेक वाचू लागली. आवाज तिचा होता, पण बोलणं सगळं ऑपरेटरचं.

'हे बघ, आधी रडणं थांबव. तू आली नाहीस म्हणून मी चिडले, ती तेवढ्यापुरती. तुझ्यावर राग धरून मरायला मला वेळ नाही. फोटो सगळे तुझे. आता नीट ऐक. कंपनी म्हणते तीन महिने. पण मला माहीत आहे, तुला हे मिळायला त्याहून कितीतरी उशीर होणार. तुझ्या बाबांना पेटलेलं काही विझवता येत नाही. ते माझा फोन रोज उघडत बसतील, आणि मी सांगितलं तरी ऐकणार नाहीत, आत जाऊन चहा करतील. करू दे. त्यांना घाई करू नकोस. पण ज्या दिवशी हे तुझ्या हातात पडेल, त्या दिवशी समज, की त्यांनी तुझ्यासाठी मला सोडलं. त्यांच्याकडे आता कोणी नाही. लगेच फोन लाव. त्यांना ऐकू येत नाही, चार घंट्यांनी ठेवून देऊ नकोस. ते उचलेपर्यंत वाजू दे.'

लेक थांबली. पलीकडून गाड्यांचे आवाज येत होते, कुठल्याशा रस्त्यावर उभी असावी. इकडून काहीच आवाज नव्हता.

'बाबा? आहात ना?'

काकांनी फोन बऱ्या कानावर घट्ट दाबला.

'बाबा, मी ठेवत नाहीये हं.'

'आहे,' भट्टीकाका म्हणाले. 'आहे गं. लाइनवरच आहे.'